फक्त प्रश्नावली भरून घ्यायची असेल तरी एथिक्स कमिटीची मान्यता लागते का?

तुमचं म्हणणं असं की, एम.एस्सी. नर्सिंगच्या डिझर्टेशनला ना सुई टोचायची, ना औषध द्यायचं. मग संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणारी एथिक्स कमिटी कशाला? आणि गाइड म्हणतायत, आधी डेटा घेऊन टाक, मान्यतेचं नंतर बघू.

ते अजिबात करू नका. झालेल्या कामाला मागाहून मान्यता मिळत नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांच्या संशोधनालाही लागू आहेत.

माझा विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया. मलाही वाटायचं, प्रश्नच तर विचारायचेत. मुकादमाला सांगून तळावर बायकांना एकत्र बसवायचं, असं मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. आमच्याकडे त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझंच संमतीपत्र माझ्या हातात दिलं. "मोठ्याने वाच."

'सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून...' एवढं वाचलं, तोच त्या म्हणाल्या, "बाळ, हे तिला कळेल? आणि घरात मुकादमाची उचल घेतलेली असताना ती त्याच्यासमोर तुला नाही म्हणेल?"

मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मला नाही, माझ्या गाइडना नाही, कुणालाच सुचला नव्हता.

मग सगळंच बदललं. मुलाखती हंगाम संपल्यावर, गावी, एकेकीच्या घरी. संमतीपत्रात लिहिलं, 'नको वाटलं तर नको म्हणा, त्याने तुमचं काही अडणार नाही.' लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना साक्षीदार आमच्या कॉलेजचा नाही आणि मुकादमाचाही नाही. कागदावर नावाऐवजी क्रमांक. तिसऱ्याच घरी एकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यावर नाही बोलायचं मला." मग चहा ठेवला. तळावर ती हे बोलू शकली नसती, याची मला खात्री आहे.

तुमचा धोका खरंच कमी असेल तर एक्स्पेडाइटेड रिव्ह्यू, म्हणजे जलद तपासणी, मागा, पूर्ण बैठकीची वाट पाहावी लागत नाही. अर्जात कुठे बसणार, शेजारी कोण असेल, बोलताना बाई रडली तर तिला कुणाकडे नेणार, हे सविस्तर लिहा. गाइड ऐकत नसतील तर कमिटीच्या सदस्य-सचिवांना भेटा. ते तुमच्याच संस्थेतले असतात.