यतीसारखा मोठा प्राणी अजून सापडलाच नाही असं असू शकतं का? की बघितलं म्हणणारे सगळे थापा मारतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये नेपाळला ट्रेकला जाताय, २०१९ ला आपल्या आर्मीने टाकलेले ते पायाच्या ठशांचे फोटो बघितल्यापासून डोक्यात हेच चालू आहे, आणि बाबा म्हणतात सगळं थोतांड आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, यती, म्हणजे हिमालयातला तो हिममानव, नाहीये. पण बघितलं म्हणणारे थापा मारतात हेही मला पटत नाही, आणि बाबांसारखं 'थोतांड' म्हणून विषय बंद करणं तर त्याहून नाही, कारण त्याने कुणाला काहीच कळत नाही.

मी ठाण्याची, घोडबंदर रोडला राहते, म्हणजे खिडकीतून येऊरचा डोंगर. आमच्याकडे यती नाही, बिबट्या आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून मेसेज पडतोच, "बिबट्या दिसला, मुलांना खाली सोडू नका", सोबत अंधारातला एक फोटो ज्यात काहीतरी पिवळट आहे एवढंच कळतं. मग मेसेजवर मेसेज, कुणीतरी भलत्याच गावातल्या बिबट्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करतं, वॉचमन बिचारा केबिनबाहेर यायला तयार नसतो, आणि सकाळी सीसीटीव्ही बघितला की निघतं रानमांजर नाहीतर उदमांजर, एकदा तर चक्क आमच्याच गेटवरचं भुरं कुत्रं. ज्या काकूंना तो 'बिबट्या' दिसला त्या खोटं बोलत नव्हत्या हं. रात्रीची वेळ, पार्किंगमधला निम्मा लाईट बंद, पाठीमागे जंगल आणि डोक्यात आधीपासून बिबट्या, मग शेपटी दिसली की पुढचं सगळं आपोआप दिसतं.

पण यावरून कुणी म्हणालं की ठाण्यात बिबट्या वगैरे काही नाही, सगळ्या अफवा, तर तोही वेडाच ठरेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या आवारात शिरला होताच की, सीसीटीव्हीत आला, मग जवळच्या एका हॉटेलात सापडला आणि बेशुद्ध करून नेला. म्हणजे लोक जे बघितलं सांगतात त्यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि तरीही प्राणी खरा असतो. त्यामुळे किती जणांना दिसला यावरून काही ठरत नाही, ना हो ना नाही.

मग ठरतं कशावरून? येऊरच्या पाड्यावरच्या माणसाला विचारा. त्याला बिबट्या क्वचित दिसतो पण बिबट्या आहे हे त्याला कायम माहीत असतं. वाटेवर विष्ठा पडलेली असते आणि तिच्यात केस आणि हाडांचे तुकडे असतात, बुंध्यावर ओरखडे असतात, कोंबड्या जातात, कुत्रं जातं, चिखलात ठसा उमटतो ज्यात नखं नसतात (नखं उमटली असतील तर बहुतेक कुत्रं, मांजरकुळातले चालताना नखं आत घेतात, फॉरेस्टवाले आधी हेच बघतात). घोडबंदर रोडवर गाडीखाली येऊन मेलेले बिबटेसुद्धा आहेत. येऊर ज्यात येतं ते संजय गांधी नॅशनल पार्क सगळं मिळून साधारण १०४ चौरस किलोमीटर, तिथे २०१५ ला कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून ३५ बिबटे मोजले, प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे म्हणून एकच दोनदा मोजला जात नाही. प्राणी कितीही लाजाळू असू दे, तो खातो, हगतो, पिल्लं घालतो आणि मरतो, आणि हे सगळं तो कुणी बघत नसतानाच करतो. पुरावा तिथे असतो. फोटो नशिबाने मिळाला तर मिळाला.

आता यतीकडे या. सगळ्यात गाजलेला ठसा म्हणजे एरिक शिप्टन या ब्रिटिश गिर्यारोहकाने फोटो काढलेला, १९५१, हिमालयातल्या मेनलुंग ग्लेशियरवरचा, शेजारी मापासाठी आइस ॲक्स ठेवलेली. त्या फोटोनंतर युरोपात सगळ्यांना यतीचं वेडच लागलं. १९५४ ला डेली मेल या पेपरने खास मोहीम काढली, आणि १९५९ पर्यंत तर यती शोधायला येणाऱ्यांसाठी नेपाळ सरकारचे नियमच होते: परमिटचे पाच हजार भारतीय रुपये भरा, फोटो काढा, जिवंत पकडलात तरी चालेल, पण जिवावर बेतल्याशिवाय मारायचा नाही आणि पुरावा मिळाला तर आधी आमच्याकडे द्यायचा. मला हे फार आवडतं. यती असो नसो, फी आधी.

१९६० ला खुद्द एडमंड हिलरी गेले. नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पा गावच्या मठात यतीच्या डोक्याची म्हणून एक केसाळ, वर निमुळती होत गेलेली कातडी होती, ती गावाने उसनी दिली पण सोबत गावातला माणूस पाठवला, आणि ती शिकागो, पॅरिस, लंडन फिरून आली. तज्ज्ञांनी सांगितलं सेरावच्या कातडीची आहे, सेराव म्हणजे हिमालयातला बकरीसारखा दिसणारा एक रानटी प्राणी, त्याची कातडी साच्यावर ताणून केलेली. त्याच भागातल्या पांगबोचेच्या मठातल्या 'यतीच्या हाता'चं एक बोट लंडनला गेलं होतं, त्याचा डीएनए २०११ ला तपासला, माणसाचं निघालं. आणि २०१७ ला शार्लट लिंडक्विस्ट या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या टीमने ठिकठिकाणी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले, केस, हाड, दात, कातडी, विष्ठा असं सगळं. आठ अस्वलांचे, एक काळ्या अस्वलाचा, बाकीचे तपकिरी. नववा कुत्र्याचा. तो कुत्र्याचा दात आला होता राइनहोल्ड मेसनरच्या म्युझियममधल्या भुसा भरलेल्या 'यती'चा. मेसनर म्हणजे साधा माणूस नाही, आठ हजार मीटरवरची सगळी १४ शिखरं चढलेला पहिला, त्याला १९८६ ला तिबेटमध्ये संध्याकाळच्या अंधारात काहीतरी दोन पायांवर उभं दिसलं, मग तो कितीतरी वर्षं त्याच्या मागे लागला आणि शेवटी स्वतःच म्हणाला, अस्वल.

एक मात्र मला खटकतं. खुमजुंगची कातडी खोटी निघाली म्हणून शेर्पांना फसवे म्हणणारे लेख नेटवर बरेच आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की इकडे येऊरला, शहापूरला, पालघरला वारली पाड्यांवर वाघोबाचा दगड किंवा लाकडी पाट असतो, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, शेंदूर लावलेला, वाघबारसेला त्याची पूजा होते. उद्या कुणी परदेशी माणूस तो दगड लॅबमध्ये नेऊन म्हणाला की यात वाघाचा डीएनए नाही, वारली लोक थापा मारतात, तर आपण त्याला हसू. ती कातडी मठातल्या सणाला नाचात डोक्यावर घालायची होती. तिला 'स्पेसिमेन' बाहेरच्यांनी केलं.

आर्मीचं म्हणाल तर ९ एप्रिल २०१९ ला नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ त्यांच्या गिर्यारोहकांना ३२ बाय १५ इंचांचे ठसे दिसले आणि महिनाअखेरीला ते ट्विट आलं. ठसे होते यात शंकाच नाही. पण बर्फातला ठसा म्हणजे पायाचं माप नव्हे. अस्वल चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतं, दोन ठसे मिळून एक लांबलचक ठसा होतो, वर ऊन पडलं की कडा वितळून तो आणखी पसरतो. नेपाळच्या लष्कराकडूनही नंतर हेच आलं की तिथल्या लोकांच्या मते ते अस्वलाचेच होते. शौर्य वेगळं आणि ठसे ओळखणं वेगळं, एवढंच मी म्हणेन, नाहीतर लोक मला देशद्रोही म्हणायचे.

लगेच कुणीतरी म्हणेल हिमालय केवढा, कोण सगळा बघून आलंय. मान्य, केवढा तरी आहे. पण त्याच हिमालयात हिमबिबट्या राहतो, जो गावकऱ्यांनाही क्वचितच दिसतो, आणि २०१९ ते २०२३ मध्ये आपल्या सरकारच्या सर्वेक्षणात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले तर २४१ वेगवेगळे हिमबिबटे फोटोत आले, त्यावरून देशात ७१८ असतील असा अंदाज काढला. माणसाहून मोठा, दोन पायांवर चालणारा कुणी यात एकदाही आला नाही. आणि यती एकटा असून चालणार नाही ना, नर, मादी, पिल्लं, पिढ्यानपिढ्या, म्हणजे शेकडो तरी हवेत, त्यातले दरवर्षी काही मरणारही.

मग जायगँटोपिथेकस काढतात. हा खरोखरचा महाकाय वानर, ओरांगउटानचा नातेवाईक, याचा पहिला दात १९३५ ला हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात सापडला, तिथे असे दात ड्रॅगनचे म्हणून विकायचे. तो जगला दक्षिण चीनच्या जंगलात आणि संपला दोन लाखांहून जास्त वर्षांपूर्वी. तरी त्याचे दोनेक हजार दात आणि चार जबडे आज हातात आहेत. लाखो वर्षांपूर्वी गेलेल्याचे एवढे दात, आणि सध्या जिवंत असलेल्याचा एकही नाही?

तरीपण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, मोठा प्राणी अजून सापडला नसेल असं होऊ शकतं का, त्याचं उत्तर हो असंच आहे, होतंच अधूनमधून. १९०१ ला काँगोतला ओकापी, जिराफाचा नातेवाईक, १९९२ ला व्हिएतनामचा साओला, लांब शिंगांचा हरणासारखा दिसणारा, २००५ ला आपल्याच अरुणाचलमधलं एक माकड, मकाका मुंझाला. पण हे 'सापडले' कसे ते बघा. साओलाची शिंगं शिकाऱ्यांच्या घरात भिंतीला लटकत होती. ओकापीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कातडीचे पट्टे तिथले लोक वापरत होते. मुंझाला तर शेतात घुसून पिकं खायचं आणि लोक वैतागलेले होते. म्हणजे गावाला प्राणी माहीत होता, आणि नुसती गोष्ट म्हणून नाही, मटण म्हणून नाहीतर कटकट म्हणून. उशीर शास्त्रज्ञांना झाला. यतीच्या बाबतीत गोष्टी भरपूर आहेत, पण भिंतीवरचं जे जे खाली काढून तपासलं ते दुसऱ्याच कुणाचं तरी निघालं.

आणि ज्यांना वाटतं शंका घेणारे लोक शोध लावत नाहीत, नुसती मजा घालवतात, त्यांना मी रानपिंगळ्याचं सांगते. मैनेएवढं घुबड, त्यामुळे 'मोठा प्राणी' वगैरे नाही, पण गोष्ट महाराष्ट्रातली आहे आणि मला यतीपेक्षा जास्त थरारक वाटते. १८८४ नंतर या पक्ष्याचा नमुना मिळाला नव्हता. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १९१४ ला गुजरातेत मांडवीला मिळवलेला. माणूस नावाजलेला, कर्नल, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही, लोक गुजरातेत शोधायचे आणि हात हलवत परत यायचे. मग पामेला रासमुसेन नावाच्या अमेरिकन बाईंनी म्युझियममधले पक्षी एकेक करून तपासले आणि लक्षात आलं की हा कर्नल चोर होता, ब्रिटिश म्युझियममधलाच जुना पक्षी उचलून, परत नीट भरून, त्यावर स्वतःचं लेबल लावलेलं. गुजरात कटाप. उरल्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रामाणिक नोंदी, त्यातली एक खानदेशची. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे दोन सोबती शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला गेले, आणि दिवसाढवळ्या झाडावर बसलेला रानपिंगळा. ११३ वर्षांनी! लेबलवर विश्वास ठेवला असता तर अजून गुजरातेतच फिरत बसले असते. पुढे २०१४ ला तो आपल्या तानसा अभयारण्यातही दिसला, म्हणजे ज्या तलावाचं पाणी मुंबईला जातं त्याच्या आसपासच्या जंगलात. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये तेव्हा जो गोंधळ उडाला होता तो आमच्या सोसायटीच्या बिबट्यालाही मिळत नाही, आणि तिथे कुणी "मला दिसला" एवढ्यावर गप्प बसत नव्हतं, फोटो कुठाय, आवाज रेकॉर्ड केला का, पोटावरचे पट्टे कसे होते, डोक्यावर ठिपके होते का, कारण साधा पिंगळा त्याच्यासारखाच दिसतो आणि तो तर कुठेही असतो.

बाबांना यातलं काय सांगायचं ते तुम्ही बघा, माझे बाबा असते तर घुबडाची गोष्ट सांगितली असती.

ट्रेकवर ठसे दिसलेच तर एकाच ठशाचा क्लोजअप काढून थांबू नका, जो तो तेच करतो. शेजारी काठी नाहीतर बूट ठेवून बरोबर वरून काढा, आणि मग पूर्ण रांग येईल असे लांबून काढा. रांग उन्हातून दगडाच्या किंवा उताराच्या सावलीत गेली असेल तर सावलीतले ठसे नीट बघा, तिथे बर्फ कमी वितळलेला असतो, त्यामुळे पायाचं खरं माप तिथे मिळतं आणि नखंही तिथेच दिसतात. विष्ठा दिसली तर हात लावू नका, फोटो घ्या आणि गाईडला विचारा कशाची, त्याला बहुतेक माहीत असतं. ठसे अगदी ताजे वाटले तर मात्र फोटोच्या नादात मागोमाग जाऊ नका, तिकडचं तपकिरी अस्वल चांगलंच मोठं असतं.