वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरच्या गाडीत शर्यतीचे गिअर

प्रश्न : रोजच्या गाडीत स्ट्रेट-कट गिअरचा संच बसवायचा आहे. आवाज वाढतो हे माहीत आहे. आणखी कशाची तयारी ठेवावी? मग क्लच न दाबता गिअर बदलता येतात का?

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. स्ट्रेट-कट ही दात्यांची कापणी. डॉग ही मोठ्या खुंट्यांनी गिअर शाफ्टला अडकवण्याची पद्धत. सरळ दात्यांच्या कित्येक संचांत सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या रिंगा) कायम असतात आणि ते नेहमीसारखे क्लच दाबूनच बदलायचे. क्लचशिवाय बदलण्याची सोय होते ती डॉगमुळे.

हेलिकल दाते तिरके असल्याने भार एका दात्यावरून दुसऱ्यावर हळूहळू सरकतो, म्हणून गिअर शांत चालतो. पण तोच तिरकेपणा शाफ्टला लांबीच्या दिशेने रेटतो. टॉर्क बराच वाढवला की हा रेटा बेअरिंग आणि केसिंगला जड जातो. सरळ दात्यांत तो जवळजवळ नसतोच. इंजिन मूळ ताकदीचेच असेल, तर या फायद्यासाठी खर्च करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

बहुतेक गाड्यांत रिव्हर्स गिअर सरळ दात्यांचा असतो. रिव्हर्स घेताना ऐकू येणारी ती घूंघूं वेगाबरोबर चढत जाईल आणि पूर्ण प्रवासभर सोबत राहील, हे धरून चाला. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारी शेवटची गिअरजोडी) मात्र हेलिकलच ठेवा. तोही सरळ दात्यांचा घेतला तर कोणत्याच गिअरमध्ये आवाजापासून सुटका नाही. क्लच प्लेट स्प्रिंगवाली हवी. सॉलिड प्लेटने इंजिनाचे हिसके थेट दात्यांपर्यंत जातात आणि न्यूट्रलमध्येही खडखड सुरू राहते. गिअर नेहमी जोडीनेच बदला. सरळ दात्यांचा गिअर हेलिकल गिअरशी जुळत नाही.

प्रश्न : क्लोज रेशो (गिअरांची गुणोत्तरे एकमेकांच्या जवळ असलेला) संच घेतला, तर गर्दीत क्लच लवकर जाईल का?

जाईल, आणि कारण पहिल्या गिअरमध्ये आहे. समजा मूळ पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.5, फायनल ड्राइव्ह 4.1 आणि टायरचा परीघ 1.9 मीटर. 1000 आरपीएमला गाडी ताशी साधारण 8 किमी चालते. क्लोज रेशो संचात पहिला 2.6 असेल, तर त्याच आरपीएमला वेग होतो जवळपास 10.7 किमी. म्हणजे रांगेत सरकताना प्रत्येक वेळी हाफ क्लचवर जास्त वेळ जाणार आणि प्लेट तापणार. चढावर गाडी उचलताना तर फारच.

फायदा वरच्या टोकाला. 6500 आरपीएमला दुसरा टाकल्यावर मूळ संचात (दुसरा 1.95) इंजिन सुमारे 3600 वर उतरते, क्लोज रेशोत (दुसरा 1.9) 4750 वर. ज्या इंजिनाची ताकद 4500 च्या पुढेच आहे, त्याला हे हवेच. बाकीच्यांनी पाचवाही तपासावा. तो 0.8 ऐवजी 1.0 असला, तर ताशी 100 किमीला इंजिन 2880 ऐवजी 3600 आरपीएमवर फिरते.

चपळपणा हवा असेल तर आधी फक्त फायनल ड्राइव्ह थोडा आखूड (मोठ्या गुणोत्तराचा) करून पाहा, उदाहरणार्थ 4.1 ऐवजी 4.4. पाचव्यात आरपीएम थोडे वाढतील, पण सिंक्रो आणि शांतता टिकते, पहिला गिअरही क्लचला सोपा होतो. स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल, तर त्याचा गिअर किंवा कॅलिब्रेशन बदलावे लागते का, ते तपासायला विसरू नका.

प्रश्न : डॉग गिअरबॉक्समध्ये रेस सोडली की तिसरा गिअर सुटतो. गिअर अलगद टाकतो, तरी असे का?

अलगद टाकता म्हणूनच. डॉग रिंगवर मोजकेच मोठे डॉग असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद खाच असते. वेग जुळवून देणारी सिंक्रो रिंग नाही, त्यामुळे लिव्हर हळू सरकवला की डॉगची टोके एकमेकांवर घासत, आपटत राहतात आणि कोपरे गोल होतात. डॉगच्या बाजू काही अंशांनी आत कापलेल्या असतात, म्हणजे भार आला की गिअर आणखी आत ओढला जावा. त्या कडा गेल्या की भारच गिअरला बाहेर ढकलतो.

केसिंग उघडण्याआधी बाहेरचे पाहा : लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) पूर्ण प्रवास करते का, इंजिन माउंटिंग सैल आहे का. रेस सोडताच इंजिन डोलले तर लिव्हर ओढला जातो. हे ठीक असेल तर डिटेंट स्प्रिंग (गिअर जागेवर धरणारी), फोर्कचे (रिंग सरकवणाऱ्या काट्याचे) पॅड, शेवटी डॉग. गोल झालेले डॉग घासून नीट करायला जाऊ नका. रिंग आणि समोरचा गिअर दोन्ही तपासून, लागतील ते बदला.

वर बदलताना रेस क्षणभर सोडा आणि लिव्हर एका दमात ओढा. खाली येताना क्लच दाबून रेसचा छोटा झटका द्या, मगच गिअर टाका. थांबलेल्या गाडीत पहिला पडत नसेल तर डॉग टोकाला टोक लागले आहेत; जोर न लावता क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा. लिव्हरवर हात ठेवून चालवू नका, फोर्क झिजतो. इतके करूनही संथ रहदारीत रेस देता-सोडताना खाचेतल्या मोकळ्या जागेमुळे ठोके बसतीलच. तो दोष नाही, रचना आहे.

प्रश्न : ऑइल कोणते?

गिअरबॉक्स बनवणारा सांगेल तेच. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्ससाठी जीएल-4 दर्जाचे ऑइल सांगितले असेल, तर जीएल-5 भरू नका; त्यातली काही रसायने पितळाला खातात, शिवाय सिंक्रोला लागणारे घर्षणही कमी होते. नवा संच बसवल्यावर पहिले ऑइल लवकर काढा. चुंबकी ड्रेन प्लगवर बारीक करडा लेप चालतो. नखाला टोचणारा तुकडा दिसला तर गाडी पुढे चालवू नका.