लाडू, बेगल आणि युनियनचा फॉर्म

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. टीममधल्या सीनियर मुलींनी खेळाडूंच्या संघटनेचा फॉर्म पाठवलाय, सही करू का, असं विचारतेस. आणि जाता जाता, ‘बाबा म्हणतात, असल्या भानगडीत पडू नकोस.’ तुझ्या बाबांना मी टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर स्कूटरवर बसून तासन्‌तास तुझी वाट बघताना पाहिलंय. त्यांची धास्ती मला कळते. फी, राहणं, जेवण सगळं एका स्कॉलरशिपवर, आणि पोरगी युनियनचं बोलायला लागली, तर कुठल्या बापाला झोप लागेल?

आधी माझं ऐक. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात मी सतरा वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं. रात्री साडेनऊची बॅच फुटबॉलवाल्यांची, म्हणजे इथल्या धडकाधडकीच्या अमेरिकन फुटबॉलची. त्यातला एक जण गुडघ्याला बर्फाची पिशवी प्लास्टिकनं गुंडाळून यायचा. तास संपेपर्यंत बर्फ वितळून त्याच्या खुर्चीखाली तळं साचायचं. पोरगा हुशार होता, पण पहाटे पाचला जिम, दुपारी प्रॅक्टिस, मग व्हिडिओ बघत मीटिंग. माझ्यापर्यंत येईतो डोळे मिटायला लागलेले. एका दिवाळीत मी या पोरांसाठी बेसनाचे लाडू नेले. दुसऱ्या दिवशी नियम सांभाळणाऱ्या ऑफिसातून बोलावणं आलं: खेळाडूंना खायला देणं हा ‘जादा लाभ’ होतो, पुन्हा आणू नका. मला आधी थट्टाच वाटली. पण त्या काळी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमात कॉलेजनं खेळाडूला नुसता बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) दिला तर तो खाऊ, त्यावर क्रीम चीज फासलं की ते जेवण, आणि जेवणाचा हिशेब वेगळा! २०१४ साली कनेक्टिकटच्या बास्केटबॉल टीमचा शबाझ नेपिअर पत्रकारांसमोर म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच सुमारास त्याची टीम देशात पहिली आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाण्यावरची मर्यादा उठली.

माझ्या त्या बर्फवाल्या पोराच्या नंबरची जर्सी कॅम्पसवरच्या दुकानात टांगलेली असायची. त्यावर नाव नसायचं, फक्त नंबर. तो एकदा मला म्हणाला, ‘मॅम, ती विकत घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत.’ हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द तू मेसेजमध्ये तीनदा वापरलास, म्हणून त्याची कुळकथा सांगते. १९५५ साली कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगाराच्या विधवेला मिळते ती भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं: कॉलेजचा फुटबॉल हा काही धंदा नव्हे. असले दावे अंगाशी येऊ नयेत म्हणून त्या वर्षांत एनसीएएनं हा शब्द रूढ केला आणि सगळीकडे तोच वापरायला लावला. वॉल्टर बायर्स तेव्हा तिथला मुख्य कारभारी होता. म्हातारपणी त्यानंच हे लिहून ठेवलं, आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेवर सडकून टीकाही केली. तेव्हा तो शब्द वापर, पण तो वकिलांच्या सल्ल्यानं शिवलेला आहे हे लक्षात असू दे.

आपल्याकडे रेल्वेच्या टीमकडून कबड्डी खेळणारा हजेरीपटावर असतो, पगार घेतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथं मात्र खेळाडू आणि नोकरदार हे दोन शब्द शेजारी आले की लोकांना खेळाचं पावित्र्य आठवतं. त्याच लोकांच्या बऱ्याच राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सगळ्यात जास्त पगार फुटबॉलचा कोच घेत असतो.

आता युनियनचं. जानेवारी २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक केन कोल्टर आणि त्याच्या सोबत्यांनी युनियनसाठी अर्ज केला. पगार ही त्यांची पहिली मागणी नव्हतीच. डोक्याला बसणारे मार, दुखापतीचा खर्च, स्कॉलरशिपची हमी, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्चमध्ये केंद्र सरकारच्या कामगार बोर्डाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यानं निकाल दिला की हे कामगारच आहेत: सीझनमध्ये आठवड्याला ४० ते ५० तास राबतात, कोच सांगेल तसं वागतात, आणि स्कॉलरशिप हा त्याचा मोबदला आहे. २५ एप्रिलला पोरांनी मतदान केलं. विद्यापीठानं अपील केलेलं, म्हणून मतपेट्या सील झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या बोर्डानं एकमतानं सांगितलं की आम्ही यात पडत नाही. कामगार आहेत की नाहीत, यावर एक अक्षर नाही. कारण असं दिलं की युनियनचा हा कायदा फक्त खाजगी संस्थांना लागू, नॉर्थवेस्टर्न ज्या लीगमध्ये खेळतं तिथली बाकी सगळी विद्यापीठं सरकारी, एकालाच युनियन दिली तर घडी विस्कटेल. ती मतं कधीच मोजली गेली नाहीत. किती हो, किती नाही, आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलवाल्यांची मतं मात्र मोजली गेली: १३ विरुद्ध २, युनियन हवी. तिथं तर खेळाची स्कॉलरशिपही नसते. मेसमध्ये ताटं उचलणारा विद्यार्थी कामगार ठरतो, तर कॉलेजचं नाव छातीवर घालून धावणारा का नाही, या प्रश्नाला मला तरी उत्तर सापडलेलं नाही. कॉलेजनं बोलणी करायलाच नकार दिला, आणि बोर्डावर माणसं बदलली तर निकाल उलटा जाईल या भीतीनं वर्षाच्या शेवटच्या दिवशी युनियननंच अर्ज मागे घेतला.

बाबांना एक गोष्ट मात्र जरूर सांग. नोव्हेंबर २०१५, मिझुरी विद्यापीठ. कॅम्पसवरच्या वर्णद्वेषाकडे अध्यक्ष लक्ष देत नाहीत म्हणून आंदोलन चाललं होतं, एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. फुटबॉल टीममधल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी शनिवारी जाहीर केलं की अध्यक्ष जाईपर्यंत खेळणार नाही. पुढची मॅच रद्द झाली असती तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. सोमवारी अध्यक्षांनी राजीनामा दिला. युनियन नव्हती, फॉर्म नव्हता, पोरं एकत्र उभी राहिली एवढंच.

पैसे द्यावेत का, हा वाद जवळजवळ संपलाय. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात. जून २०२५ मध्ये ‘हाऊस’ खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या दाव्याची, तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत, आणि आताच्या खेळाडूंना विद्यापीठ थेट पैसे देऊ शकणार, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. माझं भांडण त्या ‘पर्यंत’शी आहे. बऱ्याच व्यावसायिक लीगमध्येही पगाराला कमाल मर्यादा असते, पण तिथं ती खेळाडूंच्या युनियननं समोर बसून, घासाघीस करून मान्य केलेली असते. इथं ती वकिलांनी कोर्टात ठरवली. पैसे आले, खुर्ची आली नाही. म्हणून मला विचारशील तर पगारापेक्षा मी युनियनच्या बाजूनं जास्त आहे.

आणि आता जे बोलणार आहे ते बोलायला मला जड जातं. तुझा टेनिसचा संघ तिकिटांवर चालत नाही. मोठ्या विद्यापीठांत बऱ्याचदा फुटबॉलच्या पैशातून टेनिस, पोहणं, गोल्फ यांचा खर्च निघतो. म्हणजे तुझी स्कॉलरशिप एका अर्थानं त्या बर्फवाल्या गुडघ्यातून येते. फुटबॉलवाल्याला त्याचा वाटा मिळू लागला तर तुमच्या खेळांना झळ बसणार, आणि बसतेही आहे. काही विद्यापीठांनी टेनिसचे संघ बंद केलेत. नव्या नियमात टेनिसला दहाच जणी. अकराव्या मुलीचं काय झालं, ते तुझ्या टीममध्ये विचार. पण संघ कमी करताना खेळाडूंना कुणी विचारलं होतं का, हेही विचार.

तुझं प्रकरण आणखी वेगळं, कारण तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आहेस. शेजारची मुलगी इन्स्टावर रॅकेटची जाहिरात करून पैसे घेईल, तू घेऊ नकोस. तिला दंड होणार नाही, तुझा व्हिसा जाऊ शकतो. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे काँगोहून आलेला. टीम बहामाला खेळायला गेली तेव्हा त्यानं तिकडे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर, जाहिरातीची कामं उरकली. एवढा मोठा खेळाडू, पण त्याचीही तीच गत. उद्या खेळाडू नोकरदार ठरले तर एफ-१ वाल्यांना सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे, त्यात प्रॅक्टिस कशी बसवायची, हा गुंताही आहेच. आणि गंमत बघ: तुझी फी करमुक्त, पण राहण्या-जेवणाची स्कॉलरशिप इथलं आयकर खातं उत्पन्न धरतं आणि तुम्हा परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्यातून १४ टक्के आधीच कापून घेतं. कॉलेज म्हणतं ही मजुरी नव्हे, आयकर खातं म्हणतं कर भरा. मार्चमध्ये रिटर्न भरायला माझ्याकडे ये. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते बऱ्याच मुली सोडून देतात.

तर सही. तुझ्या सीनियर मुलींची ही संघटना कायद्यानं मान्य झालेली युनियन नाही. तिची सदस्य होणं म्हणजे नोकरी पत्करणं नव्हे, आणि सभासद झालीस म्हणून तू कामगार ठरत नाहीस. तुझ्या जागी असते तर मी सही केली असती. पण आधी इंटरनॅशनल ऑफिसात जा, फॉर्म दाखव, आणि उत्तर ईमेलवर घे, तोंडी नको. वर्गणी किती, तुझ्या वतीनं बोलायचा हक्क त्यांना कशाकशाबाबत देतेस, नाव कोचपर्यंत जातं का, हे सीनियर मुलींना विचार. त्यांना सांगता आलं नाही तर आठवडाभर थांब. बाबांना मी फोन करीन. त्यांना युनियन म्हटलं की संप आणि दगडफेक दिसते. मी त्यांना डोकं आणि गुडघ्यांबद्दल सांगेन.

आणि ते स्कॉलरशिपचं पत्र मला पाठव, सगळी पानं. तुझ्या खांद्याचं दुखणं वाढलं आणि सीझन गेला तर पुढच्या वर्षीचं काय, कॉलेज सोडल्यावर उपचारांचा खर्च कुणाचा, हे त्यात कुठेतरी असतं. आता कॉलेज सोडल्यानंतरही किमान दोन वर्षं खेळातल्या दुखापतीचा खर्च डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजांनी द्यायचाय. तुझ्या पत्रात ते कसं लिहिलंय ते मला बघायचंय. मागच्या वेळी पासपोर्टची पाठची बाजू स्कॅन करायला विसरली होतीस, तसं करू नकोस.

दिवाळीला येशीलच. लाडू करून ठेवते, आता कुणी आणू नका म्हणत नाही.

तुझी,
मावशी