एबीसी ही अमेरिकन वाहिनी एनबीसीतून फुटून निघाली, हे खरं आहे का?

खरं आहे, फक्त 'फुटली' नाही, सरकारने विकायला लावली. एनबीसीकडे रेडिओची दोन जाळी होती, रेड आणि ब्लू. एका कंपनीकडे दोन नकोत असं एफसीसीने (रेडिओ-टीव्हीवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) ठरवलं आणि १९४३ मध्ये ब्लू विकावी लागली. घेणारे कोण, तर लाइफ सेव्हर्स या मधे भोक असलेल्या गोड गोळ्या विकणारे एडवर्ड नोबल! किंमत ८० लाख डॉलर. पुढे तिचंच नाव एबीसी झालं आणि १९४८ मध्ये टीव्ही सुरू झाला.

सुरुवातीची बरीच वर्षं ती तिसऱ्या नंबरावर रखडत होती. खरी गंमत १९५४ ची. वॉल्ट डिस्नेंना डिस्नेलँड हे मनोरंजन पार्क बांधायला पैसे हवे होते, एबीसीला कार्यक्रम. एबीसीने ५ लाख डॉलर घातले, वर कर्जाला हमी दिली; बदल्यात डिस्नेंचा दर आठवड्याचा कार्यक्रम मिळाला.

१९७७ मध्ये गुलामगिरीवरची 'रूट्स' मालिका सलग आठ रात्री दाखवून तिने देश टीव्हीसमोर बसवला. आणि १९९६ मध्ये त्याच डिस्ने कंपनीने अख्खी एबीसी विकत घेतली.