‘बीडीएल’ला मराठीत ‘निरंक’ म्हणायचं का?

मनीषनगरच्या एका ताईंनी विचारलंय की सोसायटीच्या बोअरवेलचा पाण्याचा रिपोर्ट आला, त्यात शिशासमोर ‘बीडीएल’ लिहून होतं आणि नोटीस बोर्डावर मराठीत ‘शिसे : निरंक’ असं लागलं, तर हे बरोबर आहे का?

नाही ताई. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निरंक हा आपला कचेरीतला शब्द. फोड केली तर ‘अंक नसलेलं’, पण वापरात तो ‘काहीच नाही, शून्य’ याच अर्थानं रुळलाय, थकबाकी निरंक, प्रलंबित अर्ज निरंक. तिथे कोणीतरी बघून नाहीच म्हणून सांगितलेलं असतं. बीडीएल म्हणजे बिलो डिटेक्शन लिमिट, मशीनला कमीत कमी जेवढं ओळखता येतं त्याच्याही खाली. इतवारीतल्या धान्याच्या मोठ्या काट्यावर एक लवंग ठेवली तर काटा हलणार नाही, पण लवंग तर आहेच नं. म्हणून ‘शोधमर्यादेखाली’ हा शब्द मला योग्य वाटतो, आणि सोबत ती मर्यादा किती तो आकडा पाहिजेच पाहिजे.

आकडा काहून पाहिजे ते सांगतो. समजा पाच सॅम्पलमध्ये शिसं लिटरला ६, ८ आणि ११ मायक्रोग्राम निघालं आणि दोनदा ‘५ पेक्षा कमी’ आलं. आता सरासरी काढा. ‘कमी’च्या जागी शून्य धरलं तर ५ येते, अर्धं म्हणजे अडीच धरलं तर ६, आणि पूर्ण ५ धरलं तर ७. पाणी तेच, सॅम्पल तेच, उत्तरं तीन! मध्यक मात्र, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, तिन्ही वेळा ६च राहतो, म्हणून अशा डेटात मध्यक जास्त भरवशाचा.

अर्धं धरायची सवय लॅबवाल्यांमध्ये फार जुनी आहे, आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले डेनिस हेल्सेल वर्षानुवर्षं तिच्या विरोधात लिहीत आले. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, कारण उद्या लॅबनं चांगलं मशीन घेतलं आणि मर्यादा ५ वरून १ वर आली की ते ‘अर्धं’ अडीचवरून आपोआप ०.५ वर येतं, आणि ग्राफ बघणाऱ्याला वाटतं पाणी सुधारून राहिलं, जेव्हा की बदललं फक्त मशीन. ‘इतक्यापेक्षा कमी’ एवढंच माहीत असलेल्या अशा आकड्यांना संख्याशास्त्रात सेन्सॉर्ड म्हणतात (सिनेमाचा सेन्सॉर नाही, इथे कोणी काही कापलेलं नसतं) आणि त्यांच्यासाठी कॅप्लान आणि मायर यांची १९५८ची पद्धत वापरतात, जी मुळात पेशंट किती काळ जगले ते मोजायला जास्त चालते.

अजून एक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्राम आहे. लॅबची शोधमर्यादाच २० असली तर ‘बीडीएल’वरून पाणी पास की नापास हेसुद्धा कळत नाही. तेव्हा ताई, लॅबला फोन करून तो आकडा मागा आणि नोटीस अशी लावा: ‘शिसे : ५ मायक्रोग्राम प्रति लिटरपेक्षा कमी, मानक १०’. पाचच्या जागी लॅब सांगेल तो आकडा.

आणि ‘आढळले नाही’ चालतं का? चालतं, पण किती पाण्यात ते सोबत पाहिजे. ई-कोलाय या जिवाणूबद्दल मानकही असंच बोलतं, कोणत्याही १०० मिली नमुन्यात तो आढळू नये. नोटिशीत त्याच्यापुढे ‘१०० मिलीत आढळला नाही’ लिहा, निरंक तिथेही नको.