जमीन-पाणी प्रश्नोत्तरं : नकाशात नसलेली वाडी

प्रश्न : काका, आमची वाडी खानापूरच्या पश्चिमेला, पंचवीस-तीस घरांची. वरच्या अंगाला माळ आहे. तिथं दगडाच्या खाणीसाठी तिघांच्या नावानं अर्ज पडलेत असं कळलं. एक आठ एकराचा, एक नऊचा, एक सहाचा. तिन्ही जागा एकमेकींना लागून. पायथ्याला खडीचा क्रशर बसणार म्हणे. माळाखाली आमचं भात, काजू आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरी. पंचायतीत विचारलं तर ‘अजून काही झालेलं नाही’ एवढंच सांगतात. भिंतीवर एक कागद लावलाय, तो कन्नडमध्ये. पुरुष माणसं मोर्चाचं बोलताहेत. आम्ही बायका विचारतोय, नेमकं करायचं काय?
– एक भगिनी, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : ताई, मोर्चा जरूर काढा. पण त्याआधी एक कागद मिळवा : अर्जाला जोडलेला खाणीचा नकाशा. माझी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. हे नकाशे बहुतेक वेळा जुन्या गावनकाशावरून काढतात. त्यात गावठाण असतं, पण नंतर शिवारात वसलेली वाडी नसते. असा एक नकाशा मी जवळून पाहिलाय. लाल रेघेत पट्टा (म्हणजे खाणीसाठी मागितलेली जागा), कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश, भोवती पाचशे मीटरचं वर्तुळ आणि वर्तुळात फक्त ‘पडीक’. प्रत्यक्षात त्या वर्तुळात अंगणवाडी होती, मारुतीचं देऊळ होतं, हातपंप होता आणि नांदती घरं होती. बेंगळुरात बसून फाईल बघणाऱ्याला ती कुठून दिसणार? त्याच्या दृष्टीनं तिथं माणूसच राहत नाही. तुमचं पहिलं काम हेच, की तुमची वाडी त्या फाईलमध्ये गेली पाहिजे.

त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत मांडावा लागतो. लांबलचक कैफियत लिहिली की अर्ज परत येतो. एक अर्ज बेळगावच्या खाण व भूविज्ञान खात्याला : तिन्ही अर्जांच्या प्रती, नकाशे, खाणीचा आराखडा. दुसरा ग्रामपंचायतीला : या सर्व्हे नंबरांबाबत ‘हरकत नाही’ असा ठराव किंवा दाखला दिला असेल तर त्याची प्रत. ‘काही झालेलं नाही’ हे तोंडी उत्तर धरून बसू नका. तीस दिवसांत लेखी उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

आता एकरांचा हिशेब, कारण खरी मेख तिथं आहे. पाच हेक्टर म्हणजे सुमारे बारा एकर चौदा गुंठे. खाण त्याहून लहान असली तरी पर्यावरण मंजुरी लागतेच. सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालात ते स्पष्ट केलं आहे. मात्र लहान खाणीला जनसुनावणी होत नाही, आणि मंजुरी गावाला पत्ता न लागता निघू शकते. तुमच्याकडचे तिन्ही अर्ज सुटे पाहिले तर प्रत्येक जण या मर्यादेच्या आत बसतो. पण पाचशे मीटरच्या आत येणारे पट्टे एकत्र मोजायचे, असा नियम आहे. तुमचे तेवीस एकर म्हणजे नऊ हेक्टरांच्या वर. राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) सप्टेंबर २०१८ च्या आदेशानंतर पाच हेक्टरांवरच्या अशा समूहाला पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी लागते. ही मागणी आजच लेखी करा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. सुनावणी लागली तर तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत पंचायतीत ठेवावा लागतो.

तुमचा तालुका खानापूर म्हणून आणखी एक. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची गावनिहाय यादी केंद्र सरकारच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्याला जोडलेली आहे, आणि खानापूर तालुक्यातली बरीच गावं तिच्यात आहेत. मसुदा अजून अंतिम नाही, असं सांगून कुणी तुम्हाला परत पाठवेल. त्यांना १३ नोव्हेंबर २०१३ चा निर्देश दाखवा. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खाली केंद्रानं तो काढला आणि अशा क्षेत्रात नव्या खाणींना मनाई केली. यादीत तुमच्या गावाचं नाव निघालं तर तुमच्या हरकतीत तोच मुद्दा पहिला लिहा.

विहिरींबद्दल तुम्ही बायकांनी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण वैशाखात पाणी कुठल्या पायरीपर्यंत उतरतं हे तुम्हालाच ठाऊक असतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी दगडाच्या पोटात नसतं, ते वरच्या मुरमात आणि खालच्या दगडाच्या चिरांत असतं. खाण विहिरीच्या तळापेक्षा खोल गेली की त्या चिरा खाणीत उघड्या पडतात, पाणी तिकडे ओढलं जातं आणि खाणवाला ते मोटारीनं उपसून ओढ्यात सोडतो. म्हणून आराखड्यात खोली किती लिहिली आहे ते बघा. मग दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंत आणि कठड्यापासून तळापर्यंत मापं घ्या. दर पंधरवड्याला, एकाच वहीत, तारखेसह, दोघींच्या सह्या घेऊन. भिंतींना आज ज्या भेगा असतील त्यांचेही फोटो आत्ताच काढून ठेवा, म्हणजे पुढे सुरुंगानं नव्या पडल्या तर कुणी ‘त्या जुन्याच’ म्हणणार नाही.

ग्रामसभेत ठराव करताना ‘आमचा खाणीला तीव्र विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नका. सर्व्हे नंबर घाला. घरं किती, विहिरी कुठं, ओढा कुठून निघून मलप्रभेला मिळतो, शाळेची वाट टिप्परच्या रस्त्याला कुठं छेदते, हे सगळं लिहा. सोबत हातानं काढलेला का होईना, तुमचा स्वतःचा नकाशा जोडा आणि प्रत्येक घराची घरपट्टीची पावती लावा. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

राहिला कन्नड कागद. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं मांडू शकता, तेव्हा मराठीतला अर्ज कुणी नाकारू शकत नाही. नोटीस मराठीतूनही द्या अशी लेखी मागणी करा, तो आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. मात्र मराठी प्रत येईपर्यंत थांबलात तर हरकतीची मुदत निघून जाईल. शेजारच्या गावातल्या कन्नड जाणणाऱ्या शिक्षकांकडून तो कागद आजच वाचून घ्या आणि अर्जाला कन्नड तर्जुमा जोडा. त्या धुळीत कन्नड बोलणाऱ्यांचंही भात भरणार आहे. त्यांना बरोबर घ्या, त्यांच्या ग्रामसभेचाही ठराव होऊ दे.

एवढं करूनही मंजुरी निघाली तर तीस दिवसांत हरित लवादाकडे अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. आपण सवयीनं पुण्याकडे बघतो, पण कर्नाटकचं काम चेन्नईच्या खंडपीठाकडे चालतं.

प्रश्न : माझ्या मुलानं कर्ज काढून टिप्पर घेतलाय. क्रशर आला तर हप्ते फिटतील असं आम्हाला वाटतं. पण गाव विरोधात आहे, आणि आता दुकानातसुद्धा आमच्याशी कुणी धड बोलत नाही. आमचं चुकलं काय?
– एक वडील, बेळगाव तालुका

उत्तर : दादा, मुलाला धंदा मिळावा असं वाटण्यात काहीही चूक नाही, आणि गावानं तुमच्याशी बोलणं सोडलं असेल तर ते मला मुळीच पटत नाही. घरांच्या स्लॅबला, रस्त्याला खडी लागतेच. भांडण जागेचं आहे. ग्रामसभेला मुलाला घेऊन जा आणि कर्जाची गोष्ट सगळ्यांसमोर मोकळेपणानं सांगा. आणि एक चौकशी आधी करा : क्रशरवाला गावातल्या गाड्या लावणार असं त्यानं कुठं लिहून दिलंय का? पुष्कळदा गाड्या आणि माणसं मालक स्वतःच घेऊन येतो आणि गावाच्या वाट्याला धूळ राहते. चालू असलेल्या, परवाना असलेल्या खाणींवर काम मिळतंय का ते मुलानं आत्तापासून बघावं. भाडं कुणाचंही असो, खाण खात्याचं परमिट हातात आल्याशिवाय गाडी भरू नये. बिनपरमिटाची खडी सापडली की आधी गाडी अडकते, आणि हप्ता तर थांबत नाही.