जुनी दुर्बीण घेताना

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायचेत म्हणून लगेच महागडी दुर्बीण घेऊ नकोस. जुनी जपानी ८×४० किंवा ७×३५ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) स्वस्तात मिळाली तर सुरुवातीला झकास. २०×५० च्या मोहात बहुतेक नवखे फसतात. हातात ती थरथरते, आणि पक्षी सापडेपर्यंत उडालेला असतो. लालभडक काचावाल्या तर दिसायला रुबाबदार, आत अंधार.

नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात मिळो नाहीतर कुणाच्या माळ्यावर, पैसे देण्याआधी एवढं बघ:

- मोबाइलचा टॉर्च मोठ्या भिंगातून मार, दुसरीकडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी. सोडून दे, कितीही स्वस्त असली तरी. थोडी धूळ चालते.
- लांबच्या विजेच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी बघ. एकाचे दोन दिसले किंवा डोळे ओढले, तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) सरकलंय. दुरुस्ती बहुधा दुर्बिणीपेक्षा महाग पडते.
- फोकसचं चाक घट्ट? जुनं ग्रीस सुकलंय, भाव पाड.

घरी नेऊन खोलून पुसायला बसू नकोस. सूर्याकडे तर तिच्यातून कधीच बघायचं नाही. भिंगांवरच्या कोटिंगबिटिंगचं नंतर बोलू. हिवाळ्यात पाहुणी बदकं येतील, तोवर गच्चीवरून घारी बघून हात बसव.